कोरड्या रस्त्यावरची खुर्ची

फिंटनने मला स्वयंपाकघरातून उचललं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं, तेही बर्फाचा कण पडला नसताना. ही कुठली रीत?

मित्रांनो, मी एक जुनी मेपलच्या लाकडाची खुर्ची आहे. मला फिंटनच्या आजोबांनी घडवलं. शाळा मी पाहिली नाही, पण साउथ बॉस्टनचे साठ हिवाळे पाहिले. फिंटनची आई होनोरा माझ्यावर बसून बटाटे सोलायची. पाहुणा बसला तर सरळ म्हणायची, "ऊठ, ती माझी आहे."

आमच्या गल्लीचा नियम साधा. बर्फ पडला की फावडं मारून गाडीपुरती जागा मोकळी करायची, मग तिथं खुर्ची ठेवायची. ती जागा कोणी घेत नाही. पण आधी घाम, मग खुर्ची.

गेल्या नाताळात फिंटनची बहीण ब्रीडा दोन तासांवरच्या पोर्टलंडहून गाडीने आली होती. बर्फात तासभर गल्लीत घिरट्या घातल्या, गाडी लावायला जागा मिळेना, तशीच परत गेली. होनोरा खिडकीशी माझ्यावर बसून वाट बघत राहिली. मार्चमध्ये ती गेली. मातीला ब्रीडा आली, पण त्या जागेच्या रागात भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत. त्यानंतर माझ्यावर कोणी बसलंच नाही.

यंदा नाताळच्या तोंडावर रेडिओ सांगत होता, समुद्रावरून वादळ येतंय. किनारा धरून आलं तर दीड फूट बर्फ, बाहेर सरकलं तर काहीच नाही. एवढं ऐकून फिंटनने मला उचललं.

"काय रे, बर्फ कुठाय?" समोरच्या स्कॅनेलकाकू ओरडल्या. "का खुर्चीला ऊन दाखवतोस?"

"ब्रीडा येतेय, काकू. या वेळी जागा हवीच."

"आईची खुर्ची ना ती? शोभतं का तुला?"

मला रस्त्याच्या कडेला नीट टेकवून तो आत गेला.

दोन दिवस मी तिथंच. आधी पाय दुखले, मग दुखेनासे झाले. माणसं बाजूने जात होती. मला कशाचंच काही वाटेना.

चोवीस तारखेच्या दुपारी वादळ समुद्रात निघून गेलं. लख्ख ऊन पडलं. फिंटन फोन कानाला लावून बाहेर आला. ब्रीडा म्हणत होती, "हवेचा काही भरवसा नाही रे. पुढच्या वर्षी बघू."

तो मटकन माझ्यावर बसला. जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे काय, तर तिच्यावर बसायचं, मित्रांनो. मी करकरले आणि त्याला स्पष्ट सुनावलं:

"फिंटन, तिला यायला आभाळाची परवानगी लागते, तुला बोलवायला खुर्ची लागते. दोघंही भेकड! रस्ता कोरडा आहे, गाडी तुलाही आहे. मला आत ठेव, आणि तूच जा."