एकाच पातेल्यातलं दूध

इंदुमती शाळेच्या मागच्या खिडकीशी उभी होती, आणि आपण उभ्या आहोत हे कुणाला कळू नये म्हणून तिची धडपड चालली होती. कडेवर सात-आठ महिन्यांची बेबी. ती जरा हुंकारली की इंदुमती तिच्या तोंडात आपलं बोट द्यायची. आत पडवीत चंद्राबाई चुलीपुढं बसून पातेल्यात पावडर कालवत होती. पिंपातून मापं किती घेतली, कळशीतलं पाणी किती ओतलं, हात पदराआड गेला का, इंदुमती सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती. वावगं काही दिसेना. दिसेना म्हणून तिचा संशय उलट वाढत चालला होता.

झालं होतं असं. इंदुमतीचं माहेर साताऱ्याचं, शिक्षण सांगलीच्या कॉलेजात, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. नवरा मानसिंगराव शेतीखात्यात. त्याच्या बदलीबरोबर ती आटपाडीपासून दोन कोसांवरच्या या कोरड्याठाक गावात येऊन पडली. गावच्या शाळेत पोरांना सरकारकडून परदेशी पावडरीचं दूध मिळायचं. बाईंना आकडेवारी कळते हे पंचायत समितीच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी काम तिच्या गळ्यात घातलं: पोरांची वजनं घ्या, दुधाचा उपयोग होतोय का बघा, अहवाल लिहा, आणि गावासमोर सांगा.

"उपयोग दिसला नाही तर पिंपं दुसऱ्या गावाला जातील," साहेब म्हणाले होते. "मागणारी गावं पुष्कळ आहेत."

शाळा सुरू झाली तेव्हा एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तिनं पोरं तोलली. काटा मिळाला तो लोकर तोलायचा, झाडाला टांगून, खाली झोळी बांधून. आयांनी तिचा जीव नकोसा करून सोडला.

"आवं, पोरं म्हंजे काय लोकर हाय व्हय, काट्याला लटकवायला?" वाडीवरची मुक्ताबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "आन् लेकरांची अशी मोजदाद करू न्हाई बाई. नजर लागती."

कुणाच्या पोराचं वजन चारचौघांत नाव घेऊन वाचणार नाही, असा शब्द द्यावा लागला तेव्हा कुठं पोरं झोळीत बसली.

आणि एवढं करून हाती काय आलं? सरासरी काढली तर वाढ नावापुरतीच. रोज दूध पिऊन अंगाला लागावं तसं लागलेलं नाही. मग दूध जातं कुठं? या प्रश्नाबरोबर गावात कुणाच्याही डोळ्यांपुढं एकच चेहरा येणार होता, आणि तो इंदुमतीच्याही डोळ्यांपुढं आला होता.

चंद्राबाई बौद्ध वस्तीवरची. छप्पन साली तिच्या घरानं धर्म बदलला आणि त्याबरोबर गावकीची कामंही सोडली. गावाला ते अजून पचलेलं नव्हतं. दूध करायला तिची सरकारी हुकमानं नेमणूक झाली तेव्हा काही घरांनी आठवडाभर पोरं शाळेला धाडली नव्हती. सरपंच हंबीररावांना ती जागा भावकीतल्या सुलाबाईला द्यायची होती.

सभेच्या आधी हंबीरराव मुद्दाम घरी येऊन गेले. चहा घेतला, मिशी पुसली.

"बाई, लई लांबण लावू नका. आमाला आकडा एकच सांगा. पोरं वाढली का न्हाई? म्होरचं आमी बघतो." आणि उठता उठता बेबीकडं बघून म्हणाले, "पोरगी बारीक दिसती हो तुमची. कुणाचं दूध देता?"

ते गेले. इंदुमतीनं आधी बेबीला झोळीत घालून काट्याला लावलं, मग तिला 'म्होरचं आमी बघतो' आठवलं.

खिडकीतून काही हाती लागेना, तेव्हा तिनं गुरुजींकडून थोडी पावडर मागून घेतली, घरी बरोबर मापानं दूध केलं, आणि ते झाकून शाळेत नेलं. चंद्राबाईची पाठ वळली तसं पातेल्यातलं पेलाभर घेऊन एकदा हे, एकदा ते, असं चाखलं. चवीत फरक नाही. दाटपणात नाही.

"माझं दूध चाखताय व्हय, बाई?"

चंद्राबाई दारात उभी होती. इंदुमतीनं पेला खाली ठेवला.

"चाखा की," चंद्राबाई म्हणाली. "बाकीच्यांनी न चाखताच सांगितलंय."

घरी येऊन इंदुमती वजनांच्या रांगा पुढं घेऊन बसली. लाज वाटत होती, तरी मन म्हणत होतं, आज आपण बघतोय म्हणून केलं असेल नीट. पण खरंच पाणी पडत असेल तर ते सगळ्यांच्याच वाट्याला पडायला हवं. पडतंय का? तिनं पोरांचे दोन वाटे केले. शाळेला खेटून राहणारी, गावातली नि बौद्ध वस्तीतली, एकीकडं, वाडीवरून तासभर चालत येणारी दुसरीकडं. आणि ती ताठ बसली. गावातली पोरं चांगली भरली होती. वाडीवरची सगळी थिजल्यासारखी होती, एक-दोन तर उतरली होती. सरासरीनं दोघांना एका चादरीखाली झोपवलं होतं, एवढंच.

पातेलं तर एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडीच्या वाटेवर जाऊन थांबली. मुक्ताबाईची पोर पाटी हलवत येत होती.

"काय खाऊन आलीस गं?"

"काय न्हाई," पोर म्हणाली. "दूध हाय की शाळंत."

कोडं सुटलं, पण ते सांगायचं कसं? हे सभेत सांगायचं म्हणजे आयांना तोंडावर म्हणायचं की तुम्ही पोरं उपाशी धाडता. त्या उठून जातील आणि उद्यापासून शाळाच बंद करतील. आणि सांगायचं नाही, तर चंद्राबाईला काढायला हंबीररावांचा एकच आकडा तयार होता.

"आकडे वाच आणि मोकळी हो," मानसिंगराव म्हणाला.

"ऐकणारे मोकळे असले तर ना!" ती म्हणाली.

त्या दिवशी बेबीला न्हाऊ घालताना कमरेचा काळा करदोडा कातडीत रुतलेला दिसला. हंबीररावांनी हडकुळी ठरवलेल्या पोरीचा करदोडा आवळायला लागला होता. गाठ सैल करता करता इंदुमतीचा हात थांबला. कुठल्या घरी काटा नसला तरी ही दोरी प्रत्येक घरी होती.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. खुर्चीवर साहेब, शेजारी हंबीरराव, पुढं गडीमाणसं, भिंतीकडेला बाया. चंद्राबाई पार टोकाला, पडवीच्या खांबाशी उभी. इंदुमतीनं तक्ता घडी करूनच हातात ठेवला.

"हां बाई," हंबीरराव म्हणाले. "आकडा."

"सांगते. आधी आयांना एक विचारायचंय. दूध सुरू झाल्यापासून कुणाच्या पोराचा करदोडा आवळायला लागला? कुणाला नवा बांधावा लागला?"

"घ्या साहेब!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "ह्ये बीएचं शिक्षान! करदुडं मोजाया लागल्या!" गडी खदाखदा हसले.

बाया मात्र हसल्या नाहीत. यात डाव काय आहे, हे त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघून हुडकत होत्या. शेवटी एकजण पुटपुटली, "आमच्या थोरल्याचा बांधला की दसऱ्याला." मग दुसरी. मग तिसरी. बौद्ध वस्तीतली एक म्हणाली, "आमच्यात आता बांधत न्हाईत. पर चड्डीचं बटन लागंना पोराचं, ते कळतंय की."

"आणि वाडीवर?"

"आमचा हाय त्योच हाय," मुक्ताबाई म्हणाली.

हंबीररावांचं हसणं पळालं, डोळे बारीक झाले. "साहेब, आलं का ध्यानात? हिच्या वस्तीची पोरं फुगली, वाडीची वाळली. पाणी कुठं मुरतंय ते सांगाया आता बीए कशाला पायजे?"

सगळ्या माना खांबाकडं वळल्या. चंद्राबाईनं नजर खाली घातली नाही. इंदुमतीनं हंबीररावांकडं बघितलं. आपणच उघडलेल्या दारातून हा माणूस आत शिरला होता.

"आणि तुमचा नातू, सरपंच?" ती म्हणाली. "त्याला कुणी जास्त वाढलं?"

"त्येचं काय मधीच?"

"काय म्हंजे?" भिंतीकडून म्हातारी साळूबाई ओरडली. "जत्रेच्या आधीच तुटला की करदुडा त्येचा! तुमच्या सूनबाईनं माझ्याकडनंच वळून न्हेला. ढेरी बघा की पोराची, तुमच्यावर गेलीया!"

आता बायाही हसल्या. हसू ओसरायची वाट न बघता इंदुमती बोलली. "पातेलं एक. पेला एक. वाढणारा हात एक. त्याच दुधावर सरपंचांचा नातू वाढला, वस्तीतली पोरं वाढली, वाडीची नाही वाढली. मग फरक पातेल्यात नाही. तो कुठं आहे, ते मला वाडीच्या आयांनीच सांगावं."

मुक्ताबाई ताडकन उठली. "म्हंजे ती चोर न्हाई, आमी चोर? आवं, घरात भाकरी एक आन् तोंडं तीन. जिला शाळंत दूध मिळतंय तिलाच भाकरी बी द्यायाची, आन् धाकट्यानं वारा खायाचा व्हय? तुमी काय केलं असतं ते सांगा की!"

"हेच केलं असतं," इंदुमती म्हणाली. आणि मग, स्वतःलाही आधी न सुचलेलं तिला एकदम दिसलं. "मुक्ताबाई, धाकट्याचा करदोडा?"

मुक्ताबाईनं तिच्याकडं संशयानं बघितलं. या प्रश्नात आपल्याला कुठं अडकवलंय, हे ती शोधत होती. "आवळलाय," शेवटी ती म्हणाली. "दोनदा सैल केला."

इंदुमती साहेबांकडं वळली. तेव्हा तिनं तक्ता उलगडला आणि त्यातले दोनच आकडे वाचले, एक गावाचा, एक वाडीचा. "वाडीवर दूध वाया गेलेलं नाही. ते भाकरीच्या रूपानं धाकट्यांच्या पोटात गेलंय. आपण त्यांना तोललंच नाही, कारण ती शाळेत येत नाहीत. दूध थांबवलं तर थोरलीला भाकरी परत मिळेल, पण ती धाकट्याच्या तोंडातली असेल."

साहेबांनी तक्ता मागून घेतला, उलटासुलटा बघितला. "दूध चालू राहील," ते म्हणाले. "वाडीच्या पोरांना जास्तीचं देता येतंय का, बघतो."

"बघा की," हंबीरराव म्हणाले. "पर गावाचं समाधान म्हनून पातेल्यापाशी आपला एक मानूस हुबा करू. दादासो ऱ्हाईल. कुणाला दोष न्हाई, नुसती देखरेख."

साहेब घड्याळाकडं बघत होते. "राहू दे, काय बिघडतं?"

बेबी रडायला लागली होती. इंदुमतीनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. "साहेब, देखरेख बसवायची असेल तर माझ्या अहवालावर सही करू नका."

"अहो, पण..."

"दोष पातेल्यात नाही असं मी लिहिलंय. तुम्ही खाली सही करणार आणि पातेल्यावर पहारा बसवणार, मग लोकांनी दोन्हींतलं काय खरं मानायचं? एक काहीतरी करा."

हंबीररावांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ही बाई नेमकी कुणाच्या बाजूची, हे त्यांना आज नव्यानं तपासायचं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ नुसतं धरलं, आणि सही केली. दादासोचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोमवारी इंदुमती शाळेत गेली, ती खिडकीशी न थांबता सरळ पडवीत. नवीन पिंप आलं होतं. चंद्राबाई त्याच्यापुढं हात बांधून बसली होती आणि चूल थंड होती.

"उशीर झाला का?"

"गुरुजी यायचे हायत. त्यांच्यादेखत सील तोडती मी. पहिल्या दिवसापास्नं."

"आता कशाला? साहेबांनी सही केली ना."

"केली की," चंद्राबाई म्हणाली. तिनं इंदुमतीकडं नीट बघितलं, मग इंदुमती उभी राहायची त्या खिडकीकडं बघितलं.

गुरुजी आले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी सील डोळ्यांजवळ नेऊन तपासलं, "बरं, बरं" म्हणाले. "बाई, तुमी बी बघून घ्या," चंद्राबाई म्हणाली, आणि इंदुमतीनं वाकून बघेपर्यंत तिनं सीलला हात लावला नाही.