समोरची चौकट

"काका, ही दोघं बोलतायत कोणाशी? भिंतीशी?"

मॅडमनी सहा चौकटींचा कागद वर धरला आणि वर्ग खो खो हसला. जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको, आणि सहाही चौकटींत दोघांची तोंडं उजवीकडे.

मॅडम वयानं काकांच्या निम्म्या, पण शिकवण्यात पक्क्या. स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगच्या आधी कागदावर काढलेला सिनेमा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोलणाऱ्यांपैकी एक उजवीकडे बघत असेल तर दुसऱ्यानं डावीकडे बघायचं, हे तर दर आठवड्याला सांगत.

"समोरासमोर आणा त्यांना. शनिवारी स्टुडिओचे लोक येणारेत, एकालाच घेणारेत. तुमचा हात चांगलाय, घालवू नका संधी."

काकांनी मान डोलावली. अठ्ठावीस वर्षं दारोदार पाण्याची मीटरं वाचण्यात गेली आणि चित्र काढायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बायको गेल्यावर दोन वर्षांनी हा पन्नाशी उलटलेला माणूस पोराटोरांत बसून पेन्सिलीला टोक काढत होता. शेजारी म्हणत, म्हातारचळ लागलाय. म्हणोत बापडे. ती एक जागा काकांना हवी होती, मनापासून हवी होती.

घरी येऊन जेवायला बसले तेव्हा चूक कुठून आली ते त्यांना कळलं. खोली अरुंद, म्हणून टेबल भिंतीला लावलेलं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला. बावीस वर्षं दोघं भिंतीकडे तोंड करून जेवले होते.

"मीठ दे," काका भिंतीला म्हणायचे. तिचा हात यायचा, बरणी ठेवून जायचा. जेवतानाचं बोलणं एवढंच.

तो हात त्यांनी डोळे मिटून काढला असता. कान, कानामागची बट, डाव्या गालावरचा तीळसुद्धा. पण घास घेताना ती समोरून कशी दिसायची? भिंतीवरच्या फोटोचा उपयोग नव्हता, त्यात फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून ती हसली होती.

चार दिवस नुसता खोडरबर झिजला. शनिवारी सकाळी काकांनी टेबल ओढून मधोमध आणलं, आपली खुर्ची पलीकडे नेली आणि जे दिसलं ते काढलं.

"पुरुष छान जमलाय," मॅडम म्हणाल्या. "पण समोरच्या चौकटीत नुसती खुर्ची?"

"समोर कधी बसलीच नाही ती. बाजूला बसायची."

मॅडमनी रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलं. "चेहरा कोणाचाही चालला असता, काका."

"कोणाचाही कसा काढू?"

स्टुडिओवाल्यांनी मागच्या बाकावरच्या कुरळ्या केसांच्या मुलीला घेतलं. तिचं काम चांगलंच होतं. काकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि जिना उतरताना त्यांना फार एकटं वाटलं.

घरी टेबल तसंच मधोमध होतं. त्याला वळसा घालून काकांनी पान वाढून घेतलं आणि ते पलीकडच्या खुर्चीवर बसले. भाजी त्यांनीच केलेली, अळणी झाली होती. मिठाची बरणी तिच्या बाजूला राहिली होती, पण ते उठले नाहीत.

"छान झालीय," ते समोर बघून म्हणाले, आणि जेवत राहिले.