स्क्रू बसेपर्यंत

माझ्या कामाबद्दल मला खोटा विनय नाही. ज्याला गाडी चालवता येते तो सरळ म्हणतो, येते. मग मीच का लाजू? मी माइकसमोर बसून पुस्तकं वाचते आणि लोक ती कानात घालून भांडी घासतात, फिरायला जातात, बसमधून दोन थांबे पुढे जाऊन उतरतात. हे शेवटचं मला एका बाईने स्वतः सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. ती तक्रार मी बक्षिसासारखी जपून ठेवली आहे.

पण हे गोड आवाजामुळे होतं असं जो म्हणतो, त्याला या कामातलं ओ की ठो कळत नाही. गोड आवाज पैशाला पासरी मिळतात. माझ्या धाकट्या दिरांचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बुजवलेली, मध्ये काचेचा आडोसा आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद. तिथे नवे नवे लोक येतात आणि छाती भरून राजासारखं वाचतात. राजाही तसाच, चोरही तसाच आणि राजाची आजीसुद्धा तशीच. पुस्तक संपल्यावर ऐकणाऱ्याला एकच माणूस आठवतो, वाचणारा. तो आठवला की पुस्तक बुडालं म्हणून समजा.

माझी रीत वेगळी आहे. पुस्तक हातात आलं की मी लिहिणाऱ्याला विचारते, हा माणूस बोलतो तेव्हा त्याचे हात काय करत असतात? कणीक मळणारी बाई आणि दाराशी चपला शोधणारी बाई एकच वाक्य एकसारखं म्हणूच शकत नाहीत. भावजी हसायचे. कानाने ऐकायच्या गोष्टीत हात कुठून आले, म्हणायचे. मी म्हटलं, बायको रागावली आहे हे तुम्हाला बाहेरच्या खोलीत बसून भांड्यांच्या आवाजावरून कळतं ना? नेमका तेव्हाच आतून डबा आपटल्याचा आवाज आला आणि भावजी उठून आत बघायला गेले.

तर अशात एक पुस्तक आलं. लिहिणाऱ्या मावशी सत्तरीच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. त्या दोन खोल्यांतला सगळा संसार त्यांनी नवरा गेल्यावर लिहून काढला. छापून झालं तोवर मावशींच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे स्वतः लिहिलेलं पुस्तक हातात आहे आणि वाचता येत नाही. नवऱ्याचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे तिरकं बघावं लागतं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला टेबलाशी बसवलं. नवऱ्याचंच टेबल. मान वाकवलेला दिवा, एक पत्र्याची थाळी, थाळीत बारीक चिमटा. नवऱ्याच्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. फोन आला की ते मावशींच्या हातात द्यायचे. माझ्याकडे त्यांचं जे काय आहे ते पुस्तकातच आहे, मावशी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे न बघता, म्हणजे मला नीट बघता यावं म्हणून मान वळवून, त्या हळूच म्हणाल्या, "मला एकदा ते घरात बोलताना ऐकायचेत. मग पुस्तक कुणी ऐकलं, नाही ऐकलं, चालेल."

मी म्हटलं, ऐकवते. असा शब्द द्यायला जीभ चुरुचुरु चालते माझी, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मला खरंच खात्री होती.

आवाज कसा होता, या प्रश्नाला मावशींनी दिलेलं उत्तर कुठल्याही बायकोने दिलं असतं. होता आपला नेहमीसारखा. मग मी हातांचं विचारलं आणि बाई एकदम खुलल्या. त्यांनी चिमटा उचलला. न बघता, पण बरोबर धरला. हे डोळ्याला भिंग लावून बसायचे, म्हणाल्या, चिमट्यात मोहरीपेक्षा लहान स्क्रू. मी काही विचारलं तरी तो स्क्रू जागेवर बसेपर्यंत उत्तर नाही. श्वास धरून ठेवायचे, नाहीतर स्क्रू उडून जायचा. बसला की चिमटा थाळीत ठेवायचे, टक् करून, आणि मग बोलायचे. एकच शब्द, फार तर दोन.

"आणि तेवढा वेळ तुम्ही काय करायच्या?" मी विचारलं.

"मी काय करणार? काही नाही." मावशी म्हणाल्या.

मला माणूस सापडला होता. मी तो चिमटा आणि थाळी मागून घेतली. मावशींनी एक जुनं रिकामं घड्याळ आणि त्याचे चार स्क्रूही दिले, एका डबीत, आणि हरवू नका म्हणून तीनदा बजावलं.

रेकॉर्डिंगला मी थाळी माइकखाली ठेवली. नवऱ्याचं वाक्य आलं की चिमट्यात स्क्रू धरायचा, त्या रिकाम्या घड्याळाच्या भोकात बसवायचा आणि बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. भावजी काचेपलीकडून डोक्याला हात लावून बसले होते. पहिल्या दिवशी दोन स्क्रू उडाले आणि आम्ही दोघं, त्यांचं पोट आणि माझे गुडघे सांभाळत, जमिनीवर रांगत ते शोधत होतो. जाऊबाई चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं आणि चहा तसाच ठेवून निघून गेल्या. पण तो माणूस काय उतरला म्हणून सांगू! आवाज माझाच, बाईचाच, थोडासुद्धा जाड केला नव्हता. तरी उत्तर येण्याआधी खोलीत कोणीतरी बसलेलं असायचं. काम संपलं तेव्हा मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या कुणी मारायची वाट मी बघत नाही.

भावजींनी जोडकाम करून फाइल मावशींकडे पाठवली. ऐकून झालं असेल अशा बेताने मी त्यांच्याकडे गेले. खरं सांगते, रडणं ऐकायला गेले होते. रुमालसुद्धा जास्तीचा घेतला होता.

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "छान झालंय." त्या म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा झटकला.

छान! पाहुण्याने नावडता चहा अर्धा ठेवून उठताना म्हणावं तसं छान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मोठ्या माणसावर ओरडायचं कसं? मी खोदून खोदून विचारलं. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, तुम्ही मेहनत घेतलीत, आवाज किती स्पष्ट आहे, असं बरंच काही. शेवटी म्हणाल्या की हे फार भराभर बोलतात. गाडी चुकेल अशा घाईने. "हे असे कधीच बोलले नाहीत हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा अभ्र्याची घडी मोडून नव्याने घालू लागल्या. आपली मागणीच मोठी होती, अशी समजूत त्यांनी करून घेतली होती. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी तिथेच ऐकायला बसले. बायको विचारते, प्रश्न पुरता संपायच्या आत नवरा हजर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. चिमटा नाही, थाळी नाही, श्वास नाही. दोघं नवराबायको नव्हेच, तिकिटाच्या खिडकीवरचा कारकून आणि गिऱ्हाईक. माझा माणूस कुणीतरी झाडून काढला होता, आणि तो कुणी, हे मला सांगायची गरज नव्हती.

स्टुडिओत गेले ती चपला न काढताच. भावजी, तुम्ही त्या घड्याळवाल्याला कुठे टाकलंत, मी विचारलं. त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, मी फक्त साफसफाई केली, वहिनी. सगळ्याच पुस्तकांची करतो. मधल्या रिकाम्या जागा कमी करतो, खुडखुड काढतो. रिकाम्या जागा राहिल्या तर ज्या कंपनीकडे पुस्तक जातं तिथला कॉम्प्युटर फाइल बिघडलीय समजून परत पाठवतो. आणि ऐकणारे फोन हलवून बघतात, बंद पडला की काय. आता पुस्तक उद्या द्यायचंय, आणि तुम्ही चपला काढा.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ते मन लावून काम करणारे गृहस्थ आहेत, फक्त घर स्वच्छ करताना पाहुण्यालाही केराच्या टोपलीत टाकतात. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं. मूळ रेकॉर्डिंग होतंच, ते त्यांनी जपून ठेवलं होतं. एक जागा काढून दोघांनी ऐकली. प्रश्न. मग श्वास आत घेतला जातो, थांबतो. पत्र्यावर नखाएवढा आवाज. कापडाची सळसळ. मग टक्. मग एक शब्द.

मी म्हटलं, यात रिकामी जागा दाखवा.

भावजींनी पुन्हा ऐकलं, आणि मग तिसऱ्यांदा, डोळे मिटून. कॉम्प्युटर शांततेला अडवतो, मी म्हटलं, आणि इथे शांतता आहेच कुठे? इथे एक माणूस काम करतोय. तुम्ही त्याचं काम पुसलंत म्हणून जागा रिकामी झाली, आणि रिकामी झाली म्हणून ती कापावी लागली. काही पुसूच नका. सगळं जसंच्या तसं जाऊ द्या.

"लोक म्हणतील स्टुडिओत उंदीर झालेत," भावजी म्हणाले.

"पहिल्या प्रकरणात म्हणतील. दुसऱ्यात त्याची वाट बघतील," मी म्हटलं.

माझ्यावर त्यांचा विश्वास आहे असं ते कधी म्हणत नाहीत. त्यांनी नुसती खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी फाइल कंपनीकडे गेली आणि परत आली नाही. आली असती तर मी त्या कॉम्प्युटरशीही भांडले असते.

मावशींना मात्र मी काही कळवलं नाही. नवी फाइल माझ्याच फोनवर घेऊन त्यांच्याकडे गेले, सोबत चिमटा, थाळी आणि डबी. चारही स्क्रू होते. त्यांनी बोटाने मोजले आणि समाधानाने डबी मिटली. थाळी टेबलावर तिच्या जागी गेली. पुन्हा ऐकायचं म्हटल्यावर त्या कशाला उगाच म्हणत होत्या, छान झालंय की. आता पुन्हा छान म्हणालात तर मी जेवायलाच थांबेन, मी म्हटलं. त्या हसल्या आणि नवऱ्याच्या खुर्चीशेजारी, स्वतःच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याची खुर्ची मोकळीच होती. मी तिच्यात बसले नाही, दाराजवळच्या बाकावर बसले. तेवढी अक्कल मला आहे.

प्रकरण साधंच होतं. संध्याकाळ, दुकान बंद व्हायची वेळ, बायको मागच्या खोलीतून येते. माझ्याच आवाजात बायकोने विचारलं, "जेवायला वाढू का?"

श्वास आत गेला आणि थांबला. पत्र्यावर बारीक खुडखुड झाली. मावशींचा हात उठला, अंधारात सवयीच्या वाटेने जावा तसा टेबलावरून सरकत गेला, आणि त्यांनी दिव्याची वाकडी मान रिकाम्या खुर्चीकडे थोडी आणखी झुकवली.

"असू द्या, सावकाश," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

हे वाक्य पुस्तकात नाही. मी ते पुस्तक तोंडपाठ म्हणून दाखवू शकते, त्यात ते कुठेही नाही. तेवढा वेळ काय करायच्या असं मी विचारलं होतं तेव्हाही त्यांना ते आठवलं नव्हतं.

टक्.

"झालंच," घड्याळवाला म्हणाला.

नेमका त्याच दिवशी मी जास्तीचा रुमाल घरी विसरले होते. मावशी रडल्या नाहीत. पुढचा प्रश्न आला, पुन्हा श्वास थांबला, आणि त्या आरामात मागे टेकल्या, हातांची घडी घालून, रोज संध्याकाळी बसत असतील तशा. मी खोलीत आहे हे त्यांना जरा वेळाने आठवलं. त्यांनी मान वळवून मला कडेने बघितलं. आता काहीतरी म्हणतील, माझी वाहवा करतील, असं मला वाटलं, आणि मी तयारही होते.

"तुम्ही निघा आता," त्या म्हणाल्या. "फोन राहू दे, उद्या न्या. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या."

आयुष्यात मला इतक्या मानाने कुणी हाकललं नव्हतं. मी चपला घातल्या, आवाज होणार नाही अशा बेताने, आणि दार ओढून घेतलं.