विराजचा खासगी फोल्डर

माणसाची थोरवी तो घरात काय आणतो यावरून कळत नाही, उंबऱ्याबाहेर काय ठेवतो यावरून कळते, असं ज्येष्ठ प्रोग्रामर भीमाचार्यांचं मत होतं. हे मत त्यांनी कोरमंगलाच्या ऑफिसात, सकाळची कॉफी घेण्याच्याही आधी सगळ्या टीमला ऐकवलं, कारण त्यांचा स्क्रीन जांभळा झाला होता.

साधा जांभळा नव्हे, भरताच्या वांग्यासारखा. त्यावरची अक्षरं एवढी मोठी, की कोड वाचायला आचार्यांना खुर्ची पार भिंतीपर्यंत सरकवावी लागली.

"हे कुणाचं पुण्यकर्म?" त्यांनी भिंतीपाशी बसून विचारलं.

विराजने मान खाली घातली. नागपूरहून येऊन त्याला जेमतेम सहा महिने होत होते आणि शुक्रवारी त्याचं प्रोबेशन संपत होतं. कायम व्हायचं तर तोवर निदान एक काम मुख्य कोडमध्ये गेलेलं दिसायला हवं, अशी अट होती. काम त्याने केलंही होतं. कंपनीचं ॲप लग्नाचे हॉल बुक करायचं, आणि एकाच हॉलमध्ये एकाच मुहूर्तावर दोन लग्नं बुक होण्याचा चमत्कार त्यात अधूनमधून घडायचा. तो बंद करणारा कोड विराजने गिटमध्ये, म्हणजे सगळ्या टीमच्या सामायिक कोठारात, तपासणीसाठी ठेवला होता. गडबड एवढीच, की त्याच्या एडिटरने, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामने, स्वतःपुरता बनवलेला एक लपलेला फोल्डरही सोबत आत गेला. त्यात विराजची लाडकी जांभळी थीम होती आणि चष्म्याचा नंबर वाढल्यापासूनचा मोठा फॉन्ट होता. आचार्यांनी ते काम आपल्या मशीनवर उतरवून घेतलं, आणि त्यांचा एडिटर त्यांचं सोडून विराजचं ऐकू लागला.

"अय्यो विराजा, दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना आपला टूथब्रश घेऊन जातोस काय रे?" आचार्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच बसवनगुडीतलं. त्यांची मराठी बोलता बोलता वाटेत कन्नडच्या घरी टेकून यायची.

"चुकून गेला सर. आत्ता काढतो."

"नुसतं काढून काय होतंय? उद्या आणखी कोणी घालेल. नियम पाहिजे. गिटइग्नोरमध्ये स्वल्प एक ओळ घालू. सरी? ठीक?"

गिटइग्नोर म्हणजे कोठाराच्या दारावरची पाटी. अमुक अमुक फाइली आत घेऊ नयेत, एवढंच तिच्यावर लिहायचं. विराजला हायसं वाटलं. एका ओळीला असा कितीसा वेळ लागणार? तो या शहरात तसा नवीनच होता.

"एक मिनिट," टीम लीड शमिका म्हणाली. ती पुण्याची होती. "पाटी प्रोजेक्टची आहे आणि एडिटर याचा. याने स्वतःच्या मशीनवर स्वतःची इग्नोर लिस्ट ठेवावी ना. जोश्यांनी चपला आत काढाव्यात, असं कुणी सोसायटीच्या बोर्डावर लिहितं का?"

"पुण्यात लिहितात," विराज बोलून गेला, आणि लगेच त्याला शुक्रवार आठवला.

वाद पाच मिनिटांत मिटेल अशी लक्षणं दिसू लागली, म्हणून मीटिंग बोलावण्यात आली. मॅनेजर प्रदीपकुमार यांनी एकच प्रश्न विचारला: ग्राहकाला याचा काही त्रास? काहीच नाही, असं कळल्यावर त्यांनी निर्धास्तपणे अख्खा बुधवार या विषयाला दिला.

आचार्य म्हणाले, पाटी दारावरच हवी, पाहुण्याच्या खिशात नको. शमिका म्हणाली, आज या एडिटरचं नाव लिहिलं तर बाकीच्या एडिटरांनी काय पाप केलंय? हा मुद्दा आचार्यांना एवढा पटला, की त्यांनी लगेच बाजू न बदलता मागणी वाढवली: सगळ्याच एडिटरांची नावं लिहा.

गुरुवारी सकाळी कस्टमर केअरचा फोन आला. शहरातल्या एका हॉलवर एकाच मुहूर्ताला दोन नवरदेव येऊन ठेपले होते. एका पक्षाने स्टेज धरलं होतं, दुसऱ्याने स्वयंपाकघर, आणि कोणीच हलायला तयार नव्हतं.

"माझा कोड गेला असता तर..." विराज हळूच म्हणाला.

"जाईल रे," शमिका म्हणाली. "आधी तत्त्व तर ठरू दे."

"घाईत आत घेतलं म्हणूनच हे सगळं झालं नव्हे काय?" आचार्य म्हणाले. त्या दोघांचं आठवड्यात पहिल्यांदाच एकमत झालं.

शुक्रवारी दुपारी तत्त्व ठरलं. यादी सामायिकच राहील, पण तीत जगातल्या यच्चयावत एडिटरांचे फोल्डर येतील, वर्णानुक्रमाने. विराज ती टाइप करत बसला. काही एडिटर त्याच्या जन्माआधीच बंद पडले होते. त्यांनाही प्रवेश नाकारण्यात आला.

"सर, मग माझा तो फोल्डर आता काढून टाकू ना?" त्याने विचारलं.

"कशाला? पाटी लावली की नाही? आता आपोआप बाहेर राहील. तू उगीच हात लावून आणखी काही बिघडवू नको बाबा, माराया."

विराजने शमिकाकडे पाहिलं. ती एका एडिटरचं स्पेलिंग तपासत होती. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि ज्यांची मंजुरी हवी त्यांच्याशी हुज्जत घालायची ही वेळ नव्हती. त्याने हात लावला नाही.

संध्याकाळी आचार्य आणि शमिका दोघांनीही मंजुरी दिली. यादी एवढी लांब होती, की तिच्या खाली मुहूर्ताचा कोड आहे हे कुणाला दिसलंच नाही. काम मुख्य कोडमध्ये गेलं, विराज कायम झाला, आणि त्याच्या अहवालात प्रदीपकुमारांनी लिहिलं की या तरुणाने प्रोजेक्टला शिस्त लावली.

सोमवारी सकाळी सगळ्या टीमने मुख्य कोड आपापल्या मशीनवर उतरवून घेतला. गिटइग्नोर फक्त बाहेरच्या फाइलींना अडवतं. आधीच आत घेतलेल्या फाइलींना ते लागू होत नाही. ऑफिसातली एकेक खुर्ची भिंतीकडे सरकू लागली.