खुर्ची एक, वापरलेली

"लोखंडी लिहू नका, बाई. जास्त भरावं लागलं तर भरतो, पण लोखंडी लिहू नका."

म्हातारा हे तिसऱ्यांदा सांगत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा हळू. तरुण तपासनीस बाईने पेन खाली ठेवलं आणि मदतीसाठी मागच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे चुंबकसाहेब चष्मा पुसत बसले होते.

बंदरावरच्या त्या कस्टमच्या कचेरीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं ते बाहेरून येणाऱ्या फर्निचरचं वर्गीकरण करत होते. कपाट लाकडाचं की पत्र्याचं, टेबल काचेचं की वेताचं, हे ठरवायचं. कारण जसा माल तसा शुल्काचा दर. रंगाखाली दडलेलं लोखंड ओळखायला ते खिशात एक छोटं चुंबक बाळगत. त्यावरून हमालांनी ठेवलेलं नाव पुढे साहेबलोकांनीही उचललं. हाताखाली शिकलेली माणसं वरच्या मजल्यावर जाऊन बसली आणि हे आपले गोदामातच राहिले. कारण एकच, कामाला वेळ लावतात. बायको तर म्हणायची, "यांना भाजी आणायला धाडू नये. भोपळा फळ की भाजी, हे ठरेपर्यंत बाजार उठतो."

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर, साधी केस आहे," ती म्हणाली. "खुर्ची एक, वापरलेली. सामान यांच्या मागून आठ महिन्यांनी आलं, मुदत उलटून गेली, त्यामुळे घरगुती सामानाची सवलत नाही. काट्यावर घातली तर चौतीस किलो भरली, आणि निम्म्याहून जास्त लोखंडच दिसतंय. म्हणून मी लोखंडी फर्निचरमध्ये धरली. दर कमी, म्हणजे यांचाच फायदा. तर हे म्हणतात, लाकडी लिहा. लाकडाला जवळजवळ दुप्पट बसेल, तेही सांगून झालं." मग स्वतःची खुर्ची जरा मागे सरकवत ती हळूच म्हणाली, "ते द्यायला तयार आहेत, सर. लिहून टाकू? आपलं काय जातंय?"

"आपलं नाही जात, त्यांचं जातं," चुंबकसाहेब उठत म्हणाले. "कमी घेणं चूक, तसं जास्त घेणंही चूकच. चला, बघू तरी."

कमी दरासाठी भांडणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. उत्तम लाकडाला पापणी न लवता फळकूट म्हणणारेही त्यात होते. जास्त दर मागणारा हा पहिलाच.

गोदामाच्या कोपऱ्यात खोक्याच्या फळ्या बाजूला करून ठेवलेली खुर्ची उभी होती. रुंद पाठीची, हात झिजून गुळगुळीत झालेले. बैठकीच्या खाली मात्र चारी बाजूंनी बोटभर जाडीच्या लोखंडी पट्ट्या नटबोल्टने आवळल्या होत्या. चुंबकसाहेब गुडघ्यावर बसले. चुंबक पट्टीला टक्कन चिकटलं. पायांना लावलं, तर घसरून त्यांच्या हातात आलं.

"कोणी केली?"

"मीच. सुतार आहे मी. बाहेरदेशी चाळीस वर्षं तेच केलं." म्हाताऱ्याने पाठीवरची नसलेली धूळ हाताने झटकली. "आमच्या मंडळींसाठी केली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हा यात एक खिळासुद्धा नव्हता."

"मग हे लोखंड?" तपासनीस बाईने विचारलं.

"तिला कंपवात झाला. उठताना जोर लावायची आणि खुर्चीसकट पुढे यायची. दोनदा पडली. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. मग मी पट्ट्या आणून खाली जखडल्या, खुर्ची जड केली. स्वतःच्या हाताने स्वतःच्या कामाला ठिगळ लावलं म्हणा ना. ती म्हणायची, माझ्यापायी तुमची खुर्ची बिघडली. मी म्हणायचो, तू बरी झालीस की काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम." त्याने खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. "नऊ वर्षं बसली त्यात. रोज सकाळी मी ती उचलून खिडकीशी ठेवायचो, संध्याकाळी परत आत. नंतर नाही पडली कधी."

आता ती कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही. त्याने आपणहूनच सांगितलं, "मागच्या वर्षी गेली."

चुंबकसाहेब जमिनीवरच बसून होते. त्यांनी विचारलं, "कागदावर लोखंडी लिहिलं, तर एवढं काय होतं, मिस्त्री? खुर्ची तर तीच राहणार."

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "शेवटी शेवटी तिचे सगळे कागद आजाराचेच होते, साहेब. दवाखान्यात तिला नावाने कोणी ओळखायचं नाही, कंपवाताची पेशंट म्हणायचे. ती कशी होती, काय मस्त नकला करायची, हे कुठे लिहिलेलं नाही. तिथे मी काही बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं."

चुंबकसाहेबांनी मान खाली घालून सांध्यांवरून अंगठा फिरवला. नियम त्यांना पाठ होता: दोन मालांची वस्तू असेल, तर ज्या मालामुळे वस्तूला तिचं रूप येतं, त्या मालाची ती. लोक वजनावर जायचे, कारण वजन काट्यावर दिसतं.

"पट्ट्या सोडवता येतील?" त्यांनी विचारलं. "मला लोखंडाशिवाय बघायची आहे. तुमची हरकत नसेल तर."

म्हाताऱ्याने वाकून एक नट चाचपला. मग म्हणाला, "पान्हा आहे का कोणाकडे?"

हमालाने पान्हा आणून दिला. पाच मिनिटांचं काम नव्हतं. नट गंजले होते, आणि म्हाताऱ्याला घाई करायची नव्हती. मदतीला पुढे झालेल्या हमालाला त्याने मानेनेच नको म्हटलं. एकेक पट्टी निघाली, तशी त्याने ती भिंतीशी नीट लावून ठेवली. पट्ट्यांखालचं लाकूड अजून पहिल्या रंगाचं होतं, मधासारखं.

चुंबकसाहेब खुर्चीत बसले. मागे रेलले, पुढे झुकले, दोन्ही बाजूंना अंग टाकून पाहिलं. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी तपासनीस बाईला बसवलं. तीही उगीच थोडा वेळ बसून राहिली.

"कुठेच हलत नाही, सर," ती म्हणाली.

टेबलाशी परतल्यावर चुंबकसाहेबांनी नेहमीप्रमाणे वेळ लावला. वरच्या मजल्यावरून दोनदा फोन आला, उरलेल्या केसेसचं काय म्हणून. त्यांनी "लिहितोय" एवढंच सांगितलं. एका ओळीच्या जागी सहा ओळी लिहिल्या: मूळ चौकट, सांधे व भार पेलणारे सर्व भाग लाकडाचे. लोखंडी पट्ट्या तोल सांभाळण्यासाठी मागाहून जोडलेल्या. त्या काढून पाहिल्या असता खुर्ची पूर्ण वापरायोग्य. सबब, लाकडी.

म्हाताऱ्याने प्रत्येक शब्दाखाली बोट धरून ते वाचलं. 'मागाहून' या शब्दाशी बोट जरा थबकलं. मग त्याने शुल्क भरलं, पावती घडी करून आतल्या खिशात ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"सर, याची नक्कल मी काढून ठेवू?" तपासनीस बाईने विचारलं. "पुढे अशी केस आली तर."

"ठेवा," चुंबकसाहेब म्हणाले. चार महिन्यांवर निवृत्ती आली होती, आणि त्यांनी लिहिलेलं काही जपून ठेवावं असं आजवर कोणाला वाटलं नव्हतं.

बाहेर टेम्पो लागला होता. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पट्ट्या पोत्यात घालून हमालाने आधीच आत ठेवल्या होत्या. खुर्ची उचलायला तो वळला, तर म्हाताऱ्याने त्याला बाजूला केलं. दोन्ही पाय फाकवून, कंबर वाकवून, नऊ वर्षं रोज उचलली तशी त्याने ती खालून धरली आणि अंगातला सगळा जोर लावला.

खुर्ची एकदम छातीशी आली. तिच्याबरोबर तो दोन पावलं मागे गेला, सावरला, आणि ती तशीच उराशी धरून काही वेळ उभा राहिला. टेम्पोवाल्यानेही हॉर्न वाजवला नाही.