समोरच्याला वाचता यावं असा

"अगो, वाजवतंस काय त्याला? मडकं हाय काय?"

सुनीलने असं म्हणेपर्यंत दर्शनाने लॅपटॉपच्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून झालंही होतं. महाडच्या बाजारपेठेतलं दुकान. आत गारवा, काचेच्या फळीवर ओळीने उघडे मांडलेले लॅपटॉप, आणि काउंटरमागे दुकानाचा तरुण मालक ओंकार गालातल्या गालात हसत उभा.

"पोकळ वाजतोय," दर्शना म्हणाली आणि तो जाडजूड काळा लॅपटॉप तिने पुढे सरकवला. "झाकण दाबलं की आत जातं. दुसरा दाखवा."

"दादा, वहिनींना काम काय असतं?" ओंकारने सुनीलला विचारलं.

पंगतीत लहान पोराचं पान ओलांडून वाढपी पुढे जातो, तसा तो प्रश्न तिला ओलांडून गेला. सकाळपासूनचा तिसरा. पहिला रंगाबद्दलचा होता, दुसरा बजेटचा.

"टायपिंग," सुनील म्हणाला. "कोर्टाची कागदं."

"मग टायपिंगच तर करायचंय! हा काळाच बेस्ट. दणकट आहे, वर बॅग फ्री."

दर्शना फळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक लॅपटॉप वेगळा, उंचावर ठेवला होता. जांभळाच्या सालीवर असते तशी धुरकट निळाई त्याच्या धातूच्या झाकणावर होती. कडा घासून मऊ केलेल्या. एका बोटाने तिने झाकण उचललं. ते बोटाबरोबर आलं आणि खालचा भाग जागचा हलला नाही.

"ताई, तो डिझाइनवाल्या लोकांचा आहे," ओंकार म्हणाला. "दिसायला भारी, पण तुम्हाला काय करायचाय?"

"मराठी चालू करून द्या."

त्याने करून दिलं. दर्शनाने हात पदराला पुसले आणि कीबोर्डवर ठेवले. कळा खोल जात नव्हत्या, पण बोटाला उत्तर देत होत्या. तिने काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने बोटंच लिहीत गेली – *सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून देत आहे* – आणि वाक्य पूर्ण झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. मग एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलं.

वकीलसाहेबांच्या कचेरीत तिने अशी पत्रं किती टाइप केली, त्याला गणती नव्हती. खाली बहिणींची नावं, वर भावांची. साहेब आता मुलाकडे पनवेलला गेले होते, कचेरी बंद झाली होती. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याने आपल्या ओट्यावर टेबलापुरती जागा तिला दिली होती. तिथे ती स्वतःची म्हणून बसणार होती. टेबल त्याचं, खुर्ची त्याची. मशीन तेवढं तिचं.

तिने लॅपटॉप उचलला आणि सरळ दुकानाच्या पायरीवर उन्हात नेला.

"ओ ताई! बाहेर नका नेऊ!" ओंकार मागून धावला.

"ओट्यावर ऊनच असणार. अक्षरं दिसतात का बघते." दिसत होती. आरशासारखं तिचं तोंड मात्र त्यात दिसत नव्हतं, ते बरंच होतं. "आणि हा पडदा किती मागे जातो?"

"पूर्ण. सपाट होतो टेबलावर." ओंकारला आता मजा वाटू लागली होती. त्याने झाकण मागे ढकलत ढकलत पार आडवं केलं. "आणि ही दोन बटणं एकत्र दाबली की अक्षरं फिरून समोरच्याकडे तोंड करतात. मीटिंगवाल्यांसाठी असतं हे. तुम्हाला काही उपयोग नाही."

पडद्यावरची अक्षरं गर्रकन वळली आणि पायरीखाली उभ्या असलेल्या सुनीलकडे बघू लागली. दर्शनाने पुन्हा ती दोन बटणं दाबली. अक्षरं तिच्याकडे आली. पुन्हा दाबली.

"हाच," ती म्हणाली.

सुनीलने तिला बाजूला घेतलं. "अगो दर्शू, काळ्यात पण तेवढंच काम व्हतंय. हा फॅशनचा हाय. वाडीतली लोकं म्हनतील, सुनीलच्या बायकोला शिंगं फुटली."

"माझ्या आईच्या विळीवर पितळेचा मोर आहे," दर्शना म्हणाली. आवाज खालचाच होता, पण ओंकारने हातातली वायर गुंडाळायची थांबवली. "मोराने काही कांदा चिरला जात नाही. पण घरात तीन विळ्या असून आई त्याच विळीला हात घालते. कामाची वस्तू देखणी असू नये, असा कायदा झालाय का कुठे? बाईला म्हटलं की दणकट दाखवायचं. आम्ही काय ओझ्याच्या म्हशी? पैसे माझे आहेत, बोटं माझी आहेत. हा द्या. आणि फुकटची बॅग नको."

"नको? अहो, फ्री आहे!"

"कव्हर मी शिवीन."

---

कव्हर कशाचं शिवायचं, हे तिने पायरीवरच ठरवलं होतं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. एसटी सोडल्यावर चढण चढून घरी आल्या आल्या तिने ट्रंक उघडली. तळाशी एक साडी होती. हिरवीगार, डाळिंबी काठाची, दुकानातून आली तशी. अकरा वर्षांत घडी मोडली नव्हती.

ती साडी तिच्या सहीची होती. वडील गेल्यावर अनिलने, तिच्या धाकट्या भावाने, दासगावच्या नदीकाठच्या शेतावरचा हक्क सोडायला तिला बोलावलं होतं. सगळ्याच बहिणी सोडतात. सही करायची, भावाने साडीचोळी करायची, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं, अशी रीत. कागद दुसऱ्या वकिलाने केला होता. संगणकाचा पडदा अनिलकडे वळवलेला. दर्शनाने मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, तेव्हा अनिल हसत म्हणाला होता, "तुला काय गो वाचायचंय? रोज तूच तर टाइप करतेस!" सगळे हसले. तीही हसली. आणि हसत हसतच तिने सही केली. गावभरच्या बायांची पत्रं टाइप करणारीने स्वतःचं पत्र न वाचता.

शेत सोडते म्हणून सही केली. कागदात घरही होतं, ते तिला मागाहून कळलं. वडील "मागली पडवी दर्शीची" म्हणायचे, ते घर.

तिची आई रंगूबाई जात्यावर एक ओवी म्हणायची –

*भावानं घेतली साडी, काठाला जरतारी,*
*मनातलं वाचायाला कुनी नाय गो दारी.*

दर्शनाने कात्री घेतली. कापताना साडी कर्रकर्र वाजली. सुनील दारातून बघत होता. तो काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून चहा ठेवायला गेला. काठ तिने कव्हरच्या तोंडाला लावला, आत जुन्या गोधडीचा थर दिला, कडेने बारीक टाके घातले. निळसर लॅपटॉप त्यात सरकवला तेव्हा तो नुसता सुंदर दिसला. त्यासारखं दुसरं काही तिच्याकडे आजवर नव्हतं. सुनीलने हौसेने फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. बिचाऱ्याला वाटलं, बायको खूश होईल.

---

रविवारी अनिल गाडी घेऊन मुंबईहून आला. वाटेत दासगावला थांबून आईलाही बरोबर घेतलं होतं. रंगूबाई चढण चढून धापा टाकत ओसरीवर बसली. अनिलच्या एका हातात साडीच्या दुकानाची पिशवी, दुसऱ्या हातात एक जुना लॅपटॉप.

"फोटो बघितला गो स्टेटसवर! एकदम झक्कास पीस उचललास," तो म्हणाला. "मी काय म्हणतो, आपल्या साहिलला इंटर्नशिप लागलेय. लोकलमधनं न्यायला हलका हवा त्याला. तुझा त्याला देऊ, आणि त्याचा हा तुला. मस्त चालतो. पडदा तेवढा अर्ध्यावर अडकतो आणि एक बटण गेलंय. तुला काय, टायपिंगच तर करायचंय!"

त्याने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "आणि ही तुला साडी. तुझी भावजय बोलली, ताईला रिकाम्या हाती भेटायचं नाय."

दर्शना पिशवीकडे बघत राहिली. अकरा वर्षांपूर्वीची साडीही त्याच दुकानाच्या पिशवीतून आली होती. मुंबईतलं जुनं झालेलं सगळं या वाडीत येतं, हे तिला ठाऊक होतं. दोरी बांधलेला मिक्सर, टीव्ही, दार न लागणारा फ्रीज. गावची माणसं ते हौसेने घेतात, पुसून ठेवतात. तिनेही घेतलं होतं, हसत. आज मात्र तिने पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली.

"नाही देणार," ती म्हणाली.

"अगं, कायमचा नाय. दिवाळीला नवा घेतो ना मी साहिलला."

"मग दिवाळीला घे. हा माझा आहे. मी निवडलाय."

"निवडलाय म्हणजे? तू काय कलेक्टर हायस?" अनिल हसला. सुनीलकडे बघून त्याने डोळा मारला. "भावजी, सांगा ना जरा हिला."

सुनीलने खाली बघितलं. मग मान न उचलता म्हणाला, "तिची बोटं हायत, अनिल. मी काय सांगू?"

आता रंगूबाईने तोंड उघडलं. "दे गो बाय. भाचा हाय तुजा. वस्तूपायी म्हायेर तोडू नको."

हे मात्र दर्शनाला लागलं. तिने आतून लॅपटॉप आणून ओसरीवर मधोमध ठेवला. कव्हरसकट. अनिलला वाटलं, झालं काम. त्याने हात पुढे केला, आणि तो हात डाळिंबी काठावर थांबला. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"ही तर... ती साडी! एवढी चांगली साडी फाडलीस तू?"

"अकरा वर्षं घडी मोडली नव्हती रे. म्हटलं, आता मोडू."

"काय दिमाग फिरलाय तुझा? लोकं भावाच्या साड्या जपून ठेवतात!"

"जपलीच होती. तेव्हा पडदा तुझ्याकडे होता, अनिल. तू म्हणालास, तुला काय वाचायचंय. मी वाचलं नाही, ती माझी चूक. पण तुला तर वाचता येत होतं ना? त्यात घर होतं, पडवी होती, हे तू वाचलं होतंस ना?"

ओसरीवर कोंबडी आली, तिला कुणी हाकललं नाही. अनिलचा चेहरा लाल झाला. तो उठला. "ठीक हाय. हेच मनात होतं तर सांगायचं. आता दासगावला यायचं ते पाहुणी म्हणून ये."

"कागदावर मी अकरा वर्षं पाहुणीच आहे."

रंगूबाईने कव्हर मांडीवर ओढून घेतलं होतं. तिचा अंगठा काठावरून फिरत होता. सहीच्या दिवशी त्याच कागदावर तिच्या या अंगठ्याचाही ठसा घेतला होता, आणि तिलाही कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. बराच वेळ ती टाके चाचपत राहिली.

"शिवण बारीक घातलीस," ती लेकीला म्हणाली. मग कव्हर तिने दोन्ही हातांनी उचलून दर्शनाच्या मांडीवर ठेवलं, साडीची पिशवी उचलली आणि अनिलच्या हातात दिली. "ही घे परत. तिला नको हाय. आनि तो तुजा मोडका पन उचल. चल, उनं उतरली."

दर्शनाने जेवण करून ठेवलं होतं. कुणी जेवलं नाही. उतरणीवर आईची पाठमोरी आकृती दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. आईने वळून पाहिलं नाही. पण वळणाच्या आंब्यापाशी क्षणभर थांबली, पदर सारखा केला, मग गेली.

---

कोर्टासमोरच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच गिऱ्हाईक आलं. बिरवाडीकडचा श्रीपत आणि त्याची बहीण सोनाली, नवीन लग्न झालेली, हातात अजून हिरव्या बांगड्या. श्रीपतने वकिलाचा कच्चा मसुदा टेबलावर टाकला.

"हक्कसोड हाय, ताई. फटाफट करा. तिला सासरची गाडी पकडायची हाय."

दर्शनाने कव्हरमधून लॅपटॉप काढला. सोनालीची नजर त्याच्यावर गेली. "किती छान हाय ओ!" ती पटकन म्हणाली आणि लाजून भावाकडे बघितलं.

"आवडला ना?" दर्शना म्हणाली. "मला पण."

बोटं चालू लागली. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, नावं. मसुद्यात होतं तेवढंच, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. शेवटी *राजीखुशीने* आलं. तेही तिने टाइप केलं.

"झालं? प्रिंट मारा," श्रीपत म्हणाला.

"एक मिनिट."

तिने झाकण मागे ढकललं. ते मागे जात जात टेबलावर सपाट झालं. मग ती दोन बटणं तिने एकत्र दाबली. अक्षरं गर्रकन वळली आणि सोनालीकडे तोंड करून थांबली.

"वाच," दर्शना म्हणाली.

"अहो, तिला काय वाचायचंय त्यात?" श्रीपत घाईला आला. "घरचंच तर हाय!"

सोनालीने भावाकडे बघितलं, मग दर्शनाकडे. दर्शनाने हात मांडीवर घेतले. ऊन ओट्यावर चढत होतं, पण पडदा स्वच्छ दिसत होता. सोनालीने पदर खोचला, वाकली, आणि शाळेत शिकवलं होतं तसं ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. ओठ हलत होते. बोट शेतावरून गेलं, विहिरीवरून गेलं. तिसऱ्या ओळीत थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "यात घर पन हाय?"

श्रीपत रस्त्याकडे बघू लागला. दर्शनाच्या बाजूने सगळी अक्षरं उलटी होती. सोनालीचं बोट त्या शब्दावरून हललं नाही.