माहेरची गाडी की सासरची

आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरलं आणि त्याच दिवशी घरात दोन पक्ष पडले. माझा धाकटा भाऊ एका कंपनीच्या गाड्या विकतो आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, दुसऱ्या कंपनीच्या. दोघांच्या शोरूम एकाच रस्त्यावर, अगदी समोरासमोर. दिवसभर काचेतून एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असतात. घरी भेटले की "काय पाहुणे, कसं काय?" म्हणत गळ्यात गळे, पण गाडीचा विषय निघाला की विळ्या-भोपळ्याचं सख्य.

मोठी गाडी हवी होती ती माझ्या वडिलांसाठी. अण्णांनी उभा जन्म बस चालवली. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. बसची पायरी चढवत नसे, आणि टॅक्सीत बसवताना कुणी काखेत हात घातला की घरी येईपर्यंत ते तोंडातून अवाक्षर काढत नसत. शिवाय दोन मुली. थोरली बास्केटबॉल खेळते, ताडमाड वाढलेली. धाकटी चणीने लहान, पुस्तकातून डोकं वर काढेल तर शपथ.

आणि गाडी चालवणार होती आमची ही. माझा एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे लायसन्सच्या वाटेला मी कधी गेलोच नाही. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते. हात इतका हलका की पेशंट लाडाने तिला 'डास' म्हणतात. चावून गेला तरी पत्ता लागत नाही. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली आणि पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाली. ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगितलं. ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना पुन्हा सांगितलं.

बातमी फुटताच आधी धाकट्याचा फोन आला. "वहिनी, घरचा माणूस सोडून परक्याकडे जाणार नाही ना?"

मग हिच्या भावाचा. "ताई, पाठचा भाऊ इथे बसलाय आणि तू रस्त्याच्या पलीकडे गेलीस, तर मी तोंड कुठे दाखवू?"

हिने दोघांना एकच उत्तर दिलं. "आधी सगळे बसून बघणार. दोन्ही गाड्यांत. मग बोलू."

अण्णांचं मात्र केव्हाच ठरलं होतं. "त्यात बघायचं काय? आपल्या धाकट्याचीच घ्यायची." यामागे कारण होतं. धाकट्याने तरुणपणी बरीच वर्षं धरसोड केली होती. अण्णांनी त्याच्यावरून लोकांचं खूप ऐकून घेतलं होतं. आता शोरूमच्या भिंतीवर 'उत्तम विक्रेता' म्हणून त्याचा फोटो लागला होता. आला-गेला कुणीही असो, अण्णा त्या फोटोवर गाडी आणल्याशिवाय राहत नसत.

रविवारी सकाळी आम्ही सगळी वरात घेऊन आधी धाकट्याच्या शोरूमला गेलो. गाडी होती मोठी रुबाबदार. उंच, रुंद छातीची, चकचकीत काळी. धाकट्याने दार असं उघडलं, जणू राजवाड्याचं. "अण्णा, या. मधल्या सीटवर बसा, राजासारखे."

अण्णांनी पाय उचलला. तो फूटबोर्डपर्यंत पोहोचला, पण वर जाईना. धाकटा हात द्यायला धावला तशी ही म्हणाली, "थांबा भाऊजी. अण्णांना त्यांच्या पद्धतीने चढू द्या."

अण्णांनी वरचं हँडल धरलं, दात आवळले, एकदा घसरले, दुसऱ्यांदा जोर लावला आणि आत जाऊन पडले. हो, पडलेच. चेहरा घामाने डबडबला होता. दार ओढायला हात पोहोचेना, ते धाकट्याने बाहेरून लावलं.

"कशी वाटली अण्णा?"

"एक नंबर," अण्णा धापा टाकत म्हणाले. "हीच घ्यायची."

मुली मागच्या रांगेत शिरल्या. थोरलीने पाय पसरले आणि "काका, क्लास!" म्हणून ओरडली. धाकटा हिच्या शेजारी बसला आणि गाडी सुरू झाल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. "वहिनी, हळू. वहिनी, सायकलवाला. वहिनी, गिअर. वहिनी, आता डावीकडे बघा."

हिने इंडिकेटर देऊन गाडी शिस्तीत कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. "भाऊजी, जरा मागे बसता? गाडी बोलत असेल तर मला ऐकू येत नाहीये."

धाकटा निमूटपणे मागे गेला. मुली इतक्या हसल्या की गाडी हलली. मी पुढे येऊन बसलो. ही पुलाच्या चढावरून, बाजाराच्या गर्दीतून गाडी नेत होती, आणि मी खिडकीतून लोकांकडे पाहत होतो. बघताय ना कोण चालवतंय, असं काहीतरी माझ्या तोंडावर असणार. गाडी खरोखरच उत्तम होती. पण मागे वळलो की अण्णांचा गुडघ्यावर दाबून धरलेला हात दिसायचा.

उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. ते चटकन रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

मग रस्ता ओलांडून माहेरच्या गाडीकडे. धाकटा आपल्या शोरूमच्या दारातच थांबणार होता. ही म्हणाली, "तुम्हीही चला. घरचेच आहात ना?" तो आला, पण शत्रूच्या किल्ल्यात पाऊल टाकावं तसा, हात पाठीशी बांधून. हिच्या भावाने त्याला कॉफी दिली. दोघांनी एकमेकांच्या टायकडे बघून घेतलं.

ही गाडी दिसायला बेताची. बुटकी, लांबोडकी, राखाडी. थोरली मागे बसली तर गुडघे हनुवटीला लागले. "मामा, ही गाडी माणसांसाठी आहे की बॅगांसाठी?" मामा कसनुसा हसला. धाकटीने मात्र मागचा कोपरा पाहिला, पाय वर घेऊन बसली आणि पुस्तक उघडलं. "इथे मीच बसणार. कुणी यायचं नाही," तिने जाहीर केलं. थोरलीने मधली सीट मागे सरकवून पाहिली. तिचे पाय तिथे बसत होते.

अण्णा दाराशी आले. कुणी काही सांगायच्या आत ते वळले, पाठमोरे सीटवर टेकले, मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. आणि बसच्या केबिनचं दार ओढावं तसं त्यांनी दार स्वतः धाडकन ओढून घेतलं.

शोरूममध्ये कुणाचं लक्ष गेलं नसेल. माझं गेलं. हिचंही. धाकट्याच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला.

या खेपेला हिच्या शेजारी कुणी बोललं नाही. पुन्हा तोच पूल, तोच बाजार. चढावर पुढचा ट्रक थांबला, हिने गाडी इंचभरही मागे न जाऊ देता पुन्हा काढली. मी मागे पाहिलं तर अण्णा झोपलेले. आता अण्णा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाहीत. डोळे रस्त्यावर आणि पाय नसलेल्या ब्रेकवर, असाच त्यांचा प्रवास. आणि इथे तोंड किंचित उघडं, मान काचेला टेकलेली.

"बघितलंत? सस्पेन्शन!" मेहुणा कुजबुजला.

"सस्पेन्शन कसलं," धाकटा हळूच म्हणाला. "वहिनीचा हात आहे तो."

परत आलो तेव्हा अण्णांनी एकट्याने दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि उभे राहिले. मग काठी आपटून म्हणाले, "ठीक आहे. पण आपण धाकट्याचीच घ्यायची."

हिने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा आणि मोडला नाही तर त्यांचे गुडघे मोडणार, असा पेच. मी घसा खाकरला. पण बोलला धाकटा.

"वहिनी, ही घ्या."

"काय बोलतोस?" अण्णा चिडले. "स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक पलीकडे ढकलतोस? हा धंदा शिकलास?"

"अण्णा, गाड्या मी रोज विकतो. उद्याही विकेन. पण माझ्या गाडीत तुम्हाला चढवावं लागलं आणि दार मी लावलं. इथे तुमचं तुम्ही लावलंत. आवाज ऐकलाय मी."  मग मेहुण्याकडे वळून तो एकदम दुकानदारी आवाजात म्हणाला, "काय पाहुणे, सूट किती देताय? आणि सीट कव्हर फुकट नसतील तर मी सगळ्यांना परत घेऊन चाललो."

मेहुण्याने त्याला मिठीच मारली. अण्णा धाकट्याजवळ आले. भिंतीवरच्या फोटोचं कौतुक त्यांनी गावभर केलं होतं, पण त्याला समोर उभा करून कधी काही म्हणाले नव्हते. "माणूस झालास," एवढंच म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत कॉफीच्या टेबलापर्यंत गेले. आपणहून ठेवलेला हात होता तो.

गाडी घरी आल्यावर अण्णांनी पहिली फर्माईश केली ती बस डेपोची. फाटकाबाहेरच्या बाकावर त्यांचे जुने सोबती रोज संध्याकाळी बसतात. गुडघ्यांपायी अण्णांचं तिथलं जाणं सुटलं होतं. हिने गाडी बाकासमोर अलगद उभी केली. अण्णा उतरले तसे सगळे म्हातारे उठून आले. एकाने टायरला बुटाने ठोकलं, एकाने बॉनेटवर कान ठेवला.

"ड्रायव्हर ठेवलास काय रे?" एकाने विचारलं.

"ठेवायचा कशाला?" अण्णा ताठ उभे राहिले. "सून आहे ती माझी. बाजारातून चालवत आणलीय आणि मी मागे झोप काढलीय."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या बाकावर याहून मोठं सर्टिफिकेट कुणालाही मिळालं नव्हतं.

"मग आम्हाला नाही का फिरवणार, सूनबाई?"

"बसा ना काका," ही म्हणाली.

सगळे बसले. जागा पुरेना, म्हणून आम्हाला खाली उतरावं लागलं. मी आणि मुली फुटपाथवर उभे. आतून चार-पाच निवृत्त ड्रायव्हर एकाच वेळी सूचना करत होते आणि त्या सगळ्यांवर अण्णांचा आवाज येत होता, "गप्प बसा रे, तिला चालवू द्या!"

गाडी डेपोला वळसा घालून दिसेनाशी झाली. "बाबा, आपण घरी कसं जायचं?" धाकटीने विचारलं.

"येतील फिरून," मी म्हणालो. शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसची वाट बघत उभे होते. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना सांगून टाकलं, "ती गेली ना, ती माझी बायको."